ठोका पडला की नोंद घ्यायची

काही दिवसांपूर्वी अलिबागजवळ भरलेल्या विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही पृथ्वीच्या चुंबकत्वावर बोलत होतो. व्याख्यान संपल्यावर नेहमीसारखे प्रश्न आले. होकायंत्राची सुई नेमकी उत्तरेला का राहत नाही, सौरडागांचा आणि पावसाचा संबंध आहे का, वगैरे. शेवटी एका शिक्षिकेने वेगळाच प्रश्न विचारला. "सर, तुम्ही शास्त्रज्ञ मंडळी वर्षानुवर्षे एकच काम करता. आम्हाला चाळीस वह्या तपासायच्या म्हटल्या तरी आठवडाभर हात लागत नाही. रोज ठरवते, आज बसायचंच. आणि रोज दुसरंच काहीतरी करते. तुमचं असं होत नाही का?"

सभागृहात हशा पिकला, पण बाईंनी प्रश्न मनापासून विचारला होता. आम्हीही खरे उत्तर दिले. आमचेही असेच होते. एका क्षेत्रीय केंद्रावरील जुन्या हस्तलिखित नोंदींची सुमारे चारशे पाने संगणकात भरण्याचे काम आमच्या कपाटात चार वर्षे पडून होते. काम अवघड नव्हते, पण अफाट वाटत होते. गठ्ठा दिसला की आम्ही कपाट लावून घेत असू. मग ते पुरे कसे झाले? त्याचे उत्तर शिबिराच्या जागेपासून थोड्याच अंतरावर, अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेच्या इतिहासात आहे. तिथे पाच मिनिटांत सांगता आले नाही, ते इथे सविस्तर सांगतो.

घटिका आणि टोमॅटो

हल्ली टंगळमंगळीवर एक उपाय बराच लोकप्रिय आहे. इटलीतील फ्रान्चेस्को चिरिलो हा विद्यार्थी १९८० च्या दशकाच्या अखेरीस अभ्यासात मन लागत नाही म्हणून त्रस्त झाला होता. 'निदान दहा मिनिटे तरी खरोखर अभ्यास करता येतो का, पाहू' अशी त्याने स्वतःशीच पैज लावली. वेळ मोजायला त्याने स्वयंपाकघरातले, टोमॅटोच्या आकाराचे घड्याळ घेतले. त्यातून पुढे त्याने पद्धत बसवली ती अशी : पंचवीस मिनिटे एकच काम, मग पाच मिनिटे विश्रांती, मग पुन्हा पंचवीस मिनिटे. टोमॅटोला इटालियन भाषेत 'पोमोदोरो' म्हणतात, तेच नाव या पद्धतीला पडले.

हे वाचून आपल्याला घटिकापात्राची आठवण व्हावी. तळाशी बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर ठेवायची. तिच्यात हळूहळू पाणी शिरते आणि ती बुडते. ती बुडायला लागणारा वेळ म्हणजे एक घटिका. दिवसरात्रीच्या साठ घटिका, म्हणजे एक घटिका चोवीस मिनिटांची. चिरिलोच्या पंचवीस मिनिटांत आणि आपल्या घटिकेत फक्त एका मिनिटाचा फरक आहे. यावरून 'हे सगळे आपल्याकडे पूर्वीच होते' असा निष्कर्ष मात्र कुणी काढू नये. घटिकापात्र मुहूर्त साधण्यासाठी होते, आळस घालवण्यासाठी नव्हे. लक्षात घ्यायची गोष्ट एवढीच, की वेळेचे छोटे, मोजलेले तुकडे पाडणे ही माणसाची जुनी सवय आहे. हे तुकडे संशोधनाच्या कामी लावले तर काय घडते, याचे आपल्या घराजवळचे उदाहरण आता पाहू.

नागावचा मुलगा

अलिबागच्या दक्षिणेला, आठ-दहा किलोमीटरांवर नागाव आहे. नारळी-पोफळीच्या वाड्यांसाठी ते सर्वांना ठाऊक आहे. याच गावी १८२५ साली केरो लक्ष्मण छत्रे यांचा जन्म झाला. पुढे केरूनाना म्हणून ते महाराष्ट्रात प्रसिद्ध झाले. शिक्षणासाठी ते मुंबईस गेले. तिथे एल्फिन्स्टन संस्थेत प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या हाताखाली त्यांची गणिताची आवड वाढली.

मुंबईत कुलाब्याला ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली वेधशाळा उभारली होती. जहाजांची घड्याळे अचूक लावता यावीत हा तिचा मूळ हेतू. १८४१ च्या सुमारास ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली तिथे चुंबकीय आणि हवामानविषयक वेध घ्यायला सुरुवात झाली. या कामासाठी मदतनीस म्हणून ज्यांना घेतले, त्यांत केरूनाना होते. तेव्हा त्यांचे वय अवघे पंधरा-सोळा वर्षांचे. सुमारे दहा वर्षे ते या वेधशाळेत होते. पुढे पुण्यात शिक्षक आणि प्राध्यापक म्हणून त्यांनी नाव कमावले, १८६० साली 'ग्रहसाधनाची कोष्टके' हा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि डेक्कन महाविद्यालयात टिळकांसारख्या विद्यार्थ्याला गणित शिकवले. पण शास्त्राचे पहिले धडे त्यांनी गिरवले ते ठरलेल्या वेळी उपकरणापाशी जाऊन आकडा लिहिण्याच्या कामात.

ही 'ठरलेली वेळ' आली कुठून? जर्मनीतील गॉटिंगेन येथे गाउस आणि वेबर या दोन शास्त्रज्ञांनी १८३० च्या दशकात एक योजना आखली. पृथ्वीच्या चुंबकत्वातले बदल समजून घ्यायचे तर एका जागी एका माणसाने मोजून भागत नाही. निरनिराळ्या देशांत, एकाच क्षणी मोजमाप व्हायला हवे. म्हणून वर्षातले काही दिवस नेमून दिले गेले. त्या दिवशी सगळ्यांनी गॉटिंगेनच्या वेळेनुसार, चोवीस तास, दर पाच मिनिटांनी नोंद घ्यायची. काही वर्षांतच ब्रिटिशांनी टोरोंटोपासून होबार्टपर्यंत वेधशाळा काढून या योजनेला जगभर पसरवले. कंपनीच्या मुलखातल्या वेधशाळाही त्यात आल्या. कुलाब्याला १८४६ पासून दर तासाच्या नोंदी नियमाने होऊ लागल्या.

एका नोंदीत काय असे?

रेशमाच्या धाग्यांनी किंवा तारांनी टांगलेला एक चुंबक. त्याला जोडलेला छोटा आरसा. काही अंतरावर दगडी खांबावर पक्की बसवलेली दुर्बीण आणि तिच्याजवळ मोजपट्टी. चुंबक किंचित वळला तर आरसा वळतो, आणि दुर्बिणीतून दिसणारा पट्टीवरचा आकडा बदलतो. निरीक्षकाने यायचे, दुर्बिणीला डोळा लावायचा, आकडा वाचायचा, तापमापक वाचायचा, दोन्ही आकडे वेळेसह तक्त्यात लिहायचे आणि जायचे. सगळे मिळून काही मिनिटांचे काम.

आता या कामाकडे आपण टंगळमंगळीच्या दृष्टीने पाहू. पृथ्वीच्या चुंबकत्वाचे रहस्य उलगडणे हे काम कुणाच्याही अंगावर येईल असे आहे. पण निरीक्षकापुढे ते काम कधी ठेवलेच जात नव्हते. त्याच्यापुढे होता तक्त्यातला एक रिकामा चौकोन. त्या रचनेत चार गोष्टी होत्या.

पहिली, सुरुवात केव्हा करायची हे माणसाने ठरवायचे नव्हते, घड्याळाने ठरवायचे होते. दुसरी, काय करायचे हे आधीच नेमके ठरलेले होते. तिसरी, काम कुठे संपते हे स्पष्ट होते. आकडा लिहिला की संपले. आणि चौथी, केलेले काम डोळ्यांना दिसत होते, तसेच न केलेलेही दिसत होते. रिकामा राहिलेला चौकोन नंतर भरता येत नाही, कारण सकाळी दहाचा वेध अकरा वाजता घेता येत नाही. वह्या उद्या तपासता येतात, म्हणूनच त्या उद्यावर जातात. वेधाला उद्या नसतो.

२ सप्टेंबर १८५९

अशी कंटाळवाणी शिस्त पाळून मिळते काय? बहुतेक दिवशी काहीच नाही. मुंबईच्या परिसरात पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे ३८,००० नॅनोटेस्ला असतो. दिवसभरात तो काही दशक नॅनोटेस्लांनी वरखाली होतो. दुपारच्या आधी वाढतो, रात्री स्थिरावतो. आज तेच, उद्या तेच.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन हा खगोलनिरीक्षक सूर्यावरील डागांचे चित्र काढत बसला होता. सकाळी सव्वाअकराच्या सुमारास डागांच्या एका समूहावर त्याला अतिशय तेजस्वी प्रकाश चमकलेला दिसला. काही मिनिटांत तो विझला. मुंबईत तेव्हा दुपारचे चार वाजून गेले होते. त्यानंतर साधारण साडेसतरा तासांनी, म्हणजे मुंबईत २ तारखेच्या सकाळी, पृथ्वीवर चुंबकीय वादळ आदळले. युरोप-अमेरिकेतील तारयंत्रे बिघडली, आणि एरवी ध्रुवाकडे दिसणारे रंगीत प्रकाशझोत उष्ण कटिबंधाजवळच्या प्रदेशांतही लोकांनी पाहिले.

कुलाब्याचा निरीक्षक नेहमीच्या नोंदीसाठी दुर्बिणीपाशी गेला, तेव्हा आकडा नेहमीचा नव्हता. गडबड दिसली की नोंदी जवळजवळ घ्यायच्या, हाही नियम आधीच ठरलेला होता. त्याप्रमाणे तासाऐवजी पंधरा मिनिटांनी, काही वेळा पाच मिनिटांनी नोंदी घेतल्या गेल्या. क्षितिजसमांतर घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी खाली आला आणि पुन्हा चढला. हे मोठेपण लक्षात यावे म्हणून एक तुलना करू. मार्च १९८९ च्या ज्या चुंबकीय वादळाने कॅनडातील क्विबेक प्रांत सुमारे नऊ तास अंधारात गेला, त्याचा निर्देशांक उणे ५८९ नॅनोटेस्ला होता. हा निर्देशांक अनेक केंद्रांच्या सरासरीवरून काढतात आणि कुलाब्याचा आकडा एका केंद्राचा आहे, त्यामुळे दोन्ही जसेच्या तसे शेजारी ठेवता येत नाहीत. तरी फरक किती मोठा आहे याची कल्पना येते.

गंमत अशी, की इंग्लंडमधील काही वेधशाळांत त्या वेळी प्रकाशचित्रणाने आपोआप नोंद करणारी यंत्रे बसली होती. पण वादळ इतके प्रचंड होते, की प्रकाशाचा ठिपका कागदाच्या बाहेर गेला. कुलाब्याला मात्र माणूस दुर्बिणीतून पाहत होता आणि आकडे उतरवून घेत होता. या नोंदी वेधशाळेच्या खंडांत छापून राहिल्या. २००३ साली भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील शास्त्रज्ञांनी अमेरिकन आणि ब्राझिलियन सहकाऱ्यांसह त्यांचा पुन्हा अभ्यास केला, आणि १८५९ चे वादळ किती तीव्र होते याचा अंदाज जगाला मिळाला. आज कृत्रिम उपग्रह आणि वीजवाहिन्या यांना सूर्याकडून कितपत धोका आहे हे ठरवताना या आकड्यांचा आधार घेतला जातो. त्या सकाळी निरीक्षकाला यातले काही ठाऊक नव्हते. आज महत्त्वाचा दिवस आहे म्हणून तो उठून गेला नव्हता. वेळ झाली म्हणून गेला होता.

सुरुवातच जड का जाते?

मानसशास्त्रज्ञांनी गेल्या शतकात या प्रश्नाचा बराच पिच्छा पुरवला आहे. चालढकल करणारा माणूस आळशी असतोच असे नाही. तो इतर दहा कामे हिरिरीने करतो. पियर्स स्टील यांनी २००७ साली अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात चालढकलीशी घट्ट संबंध दिसला तो कामाच्या नकोसेपणाचा, त्याचे फळ दूर असण्याचा, आणि 'हे मला जमेल' या विश्वासाच्या अभावाचा. म्हणजे काम टाळून आपण खरे तर त्या कामाने मनात उठणारी अस्वस्थता टाळत असतो. ती अस्वस्थता कामाच्या आकाराशी निगडित असते. चाळीस वह्यांची जी भीती वाटते, ती चार वह्यांची वाटत नाही.

दुसरा प्रयोग जुना आहे. १९२८ साली बर्लिन येथे मारिया ओव्ह्सियांकिना यांनी काही जणांना छोटी कामे दिली आणि ती अर्ध्यावर थांबवली. नंतर त्यांना मोकळे सोडले, तेव्हा बहुतेकांनी कुणी न सांगता ती कामे पुन्हा हाती घेतली. अर्धवट कामे अधिक चांगली लक्षात राहतात असा एक जोडदावा ब्लूमा झायगार्निक यांच्या १९२७ च्या प्रयोगांवरून प्रसिद्ध आहे. अलीकडे या सर्व प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा लक्षात राहण्याचा दावा टिकला नाही, मात्र काम पुन्हा हाती घेण्याची ओढ टिकली. आपल्या दृष्टीने हे महत्त्वाचे आहे. न सुरू केलेले काम आपल्याला ढकलते, सुरू करून सोडलेले काम ओढते.

तिसरा धागा जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांचा. 'मी हे करीन' असा नुसता निश्चय आणि 'अमुक झाले की मी तमुक करीन' असा बांधलेला बेत यांत त्यांनी फरक केला. २००६ साली त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी अशा ९४ स्वतंत्र चाचण्या एकत्र तपासल्या. बांधलेल्या बेताचा परिणाम चांगलाच ठळक दिसला. 'रोज संध्याकाळी वह्या तपासीन' हा निश्चय झाला. 'चहाचा कप खाली ठेवला की पहिल्या वहीचे पहिले पान उघडीन' हा बेत झाला. कुलाब्याच्या वेधशाळेत हा बेत दीडशे वर्षांपूर्वीच चालू होता : ठोका पडला की नोंद घ्यायची.

आणि वेळ थोडाच का? याचे उत्तर दुसऱ्या महायुद्धातून आले. रडारच्या पडद्याकडे टक लावून बसलेल्या सैनिकांच्या नजरेतून खुणा निसटत होत्या. नॉर्मन मॅकवर्थ यांनी त्यासाठी एक घड्याळासारखे यंत्र केले. त्याचा काटा टप्प्याटप्प्याने पुढे सरके आणि क्वचित दुप्पट उडी घेई. ती उडी ओळखायची. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत दिसले, की पहिल्या अर्ध्या तासानंतर नजर लक्षणीय ढिली पडते. पण अर्धा तास काम आणि अर्धा तास विश्रांती अशी आलटून पालटून पाळी ठेवली, तर ती तशी घसरत नाही. छोटे तुकडे केवळ सुरुवात सोपी करतात असे नाही, कामाचा कसही राखतात.

ट्राम येण्यापूर्वी

आता अलिबागकडे वळू. इथे चालढकलीचा प्रश्न एका माणसाचा नव्हता, संस्थेचा होता.

मुंबईत १८७४ पासून घोड्यांच्या ट्राम धावत होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या विजेवर चालवायचे ठरले. ट्रामला एकदिश विद्युतप्रवाह लागतो. तो रुळांतून परत जातो आणि त्यातला काही जमिनीत झिरपतो. अशा भटक्या प्रवाहाभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. कुलाब्याच्या संवेदनशील उपकरणांना पृथ्वीचे चुंबकत्व कोणते आणि ट्रामचे कोणते हे कळणार नव्हते.

तेव्हा वेधशाळेचे प्रमुख होते डॉ. नानाभाई मूस. १८९६ साली हे पद मिळालेले ते पहिले भारतीय. योगायोग असा, की त्यांचा जन्मही १८५९ चाच. त्यांच्यापुढे दोन मार्ग होते. ट्राम सुरू होऊ द्यायच्या, कितपत त्रास होतो ते पाहायचे आणि मग ठरवायचे, हा एक. कुठल्याही कार्यालयात हाच मार्ग पसंत पडला असता. दुसरा मार्ग आधीच हलायचा. मूस यांनी दुसरा धरला.

जागा निवडली ती समुद्रापलीकडे, सुमारे तीस किलोमीटरांवरच्या अलिबागची. शहराच्या विजेपासून ती दूर होती, आणि जुन्या नोंदींशी धागा जुळेल इतकी जवळही होती. इमारतीसाठी चुंबकीय गुण नसलेला पोरबंदरचा दगड आणला. लोखंडाचा खिळाही चालणार नव्हता, म्हणून तांबे-पितळ वापरले. आतले तापमान फारसे बदलू नये असा बेत ठेवला. १९०४ साली इथे वेध सुरू झाले. पण कुलाब्याचे लगेच बंद केले नाहीत. एप्रिल १९०४ ते मार्च १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी चालल्या. दोहोंतला फरक नेमका कळला म्हणजे अलिबागचा आकडा कुलाब्याच्या आकड्याला जोडता येतो, आणि साठ वर्षांची साखळी तुटत नाही.

मुंबईत विजेची ट्राम धावली ७ मे १९०७ रोजी. म्हणजे तुलना पुरी झाल्यावर जेमतेम एक वर्षाने. ट्राम आल्यावर जागा शोधायला निघाले असते, तर दोन वर्षांची स्वच्छ तुलना कधीच मिळाली नसती आणि १८४६ पासूनच्या श्रमांचा धागा तिथेच तुटला असता. आज ती साखळी पावणेदोनशे वर्षांच्या पलीकडे गेली आहे. मुंबईतली ट्राम १९६४ साली बंद झाली. अलिबागची वेधशाळा चालूच आहे. तिचे वेध आता इलेक्ट्रॉनिक उपकरणे घेतात आणि ते जागतिक वेधशाळांच्या जाळ्याला पुरवले जातात. तिची देखभाल करणाऱ्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालयही आता रायगड जिल्ह्यातच, पनवेलला आहे.

छोट्या तुकड्यांना जमत नाही ते

इथवर वाचून 'घड्याळ लावा आणि निश्चिंत राहा' असा समज होऊ नये. इतिहासाची दुसरी बाजूही आहे.

साठ वर्षांत दर तासाला एक याप्रमाणे हिशोब केला तर एका घटकाचे सव्वापाच लाख आकडे होतात. सुट्या आणि खंड वजा केले, १८७२ पासून नोंदी प्रकाशचित्रणाने होऊ लागल्या हे धरले, तरी ढीग डोंगराएवढाच राहतो. नोंदी घेण्याचे काम छोट्या तुकड्यांत भागत होते. पण त्यांचा अर्थ लावायचा तर कुणीतरी सगळा ढीग एकत्र पाहायला हवा होता. त्यांतल्या काही भागांवर मूस यांच्या आधीचे प्रमुख चार्ल्स चेंबर्स यांनी लिहिले होते. १८४६ ते १९०५ या सबंध काळाचा सलग विचार मूस यांनी केला आणि १९१० साली तो दोन भागांच्या जाडजूड ग्रंथात प्रसिद्ध झाला. चुंबकीय वादळे एकावर एक ठेवून, वादळ सुरू झाल्यापासूनच्या तासांनुसार सरासरी काढली, तर सर्वांत समान असा एक आकार दिसतो, हे त्यांनी दाखवले. आधी थोडी वाढ, मग मोठी घसरण, मग दिवसेंदिवस चालणारी संथ भरपाई. पुढे सिडनी चॅपमन यांनी चुंबकीय वादळांवर जे पायाभूत काम केले, त्याला मूस यांच्या या विश्लेषणाचा उपयोग झाला.

ही समज दहा मिनिटांच्या ठोक्यातून येत नाही. तिला सलग बैठक लागते. एखादी अवघड सिद्धता, नवा पाठ आखणे, एखाद्या मुलाला गणित नेमके कुठे अडते ते शोधणे, या कामांत मन एकदा गुंतले की घंटा वाजली म्हणून उठणे हा तोटाच आहे. घड्याळाचे काम आपल्याला टेबलापाशी आणून बसवण्याचे. बसल्यावर रंग भरला तर घड्याळ खुशाल बाजूला ठेवावे. आणखी एक गोष्ट. काम आधी चौकोनांत मोडलेले नसेल, तर पंचवीस मिनिटे नुसती 'काय करू' यातच जातात. निरीक्षकाला दुर्बिणीपाशी गेल्यावर विचार करावा लागत नव्हता, कारण तो विचार कुणीतरी आधी केला होता. आपल्या कामात तो आपल्यालाच, आदल्या दिवशी, करून ठेवावा लागतो.

आमच्या चारशे पानांचे असेच झाले. रोज सकाळी टपाल पाहण्यापूर्वी वीस मिनिटे, एक पान. कोणते पान, ते आदल्या दिवशी खूण घालून ठेवलेले. भिंतीवर चौकोनांचा कागद, भरलेल्या पानाला फुली. पहिला आठवडा जड गेला. पुढे एखाद्या दिवशी खंड पडला तर चुकल्यासारखे वाटू लागले. सव्वा वर्षात काम संपले. चार वर्षे ज्याने आम्हाला छळले, ते रोज वीस मिनिटांचे होते, हे कळल्यावर थोडी शरमच वाटली.

वर्गात करून पाहण्यासारखे

मुलांना यावर उपदेश करू नये, वेध घ्यायला लावावे. दोन सोप्या गोष्टी सुचवतो.

एक. शाळेच्या आवारात सपाट जागी एक मीटर उंचीची काठी सरळ उभी करावी. रोज मधल्या सुट्टीची घंटा झाली की पाळी असलेल्या जोडीने तिच्या सावलीची लांबी मोजून भिंतीवरच्या तक्त्यात लिहावी. काम तीन मिनिटांचे. पावसाळ्यात ढगांमुळे खंड पडेल. तिथे चौकोन रिकामाच ठेवावा, अंदाजाने भरू नये. वर्षअखेर आलेख काढला की सूर्याचे उत्तरायण-दक्षिणायन मुलांना स्वतःच्या आकड्यांतून दिसेल. हा आलेख एका दिवसात, कितीही हुशार मुलाला, काढता येणार नाही हेही त्यांच्या लक्षात येईल.

दोन. ज्या विषयाची भीती वाटते त्याचा अभ्यास करायला बसायचे ठरवल्याची वेळ आणि प्रत्यक्ष पहिली ओळ लिहिल्याची वेळ, या दोन्ही मुलांनी आठवडाभर वहीत टिपाव्यात. दोहोंतल्या फरकाला आपण 'ढकलकाळ' म्हणू. दुसऱ्या आठवड्यात फक्त दहा मिनिटांसाठी बसायचे, आणि पहिले उदाहरण कोणते हे आदल्या दिवशीच ठरवायचे. पुन्हा ढकलकाळ मोजायचा. कमी झाला का? सर्वांचा झाला का? ज्यांचा झाला नाही, त्यांचा का नाही? उत्तर आधी सांगू नये. आमच्या अनुभवाने बहुतेकांचा कमी होतो, पण प्रत्येकाचा होतोच असे नाही, आणि त्यावरची चर्चाच जास्त उपयोगी पडते.

शिबिरातल्या त्या शिक्षिकेला आम्ही एवढेच म्हणालो होतो : चाळीस वह्या, एकीला पाच मिनिटे, म्हणजे दोनशे मिनिटे. रोज वीस मिनिटे धरली तर दहा दिवस. घरी जायच्या आधी, शाळा सुटल्याची घंटा झाली की चार वह्या. त्यांनी हिशोब वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतला. मग विचारले, "आणि अकराव्या दिवशी?"

अकराव्या दिवशी नव्या चाळीस वह्या येतील. वेधशाळेतही दुसऱ्या दिवशी रिकामा तक्ताच येत असे.